क्रॉस बदलण्याआधी हे तपासा: जुन्या गाडीचा मागचा 'टक्' आवाज नेमका कुठून येतो ते कसं शोधायचं

गिअर टाकला, क्लच सोडला की मागून 'टक्'. उतारावर रेस सोडली की 'टक्', परत रेस दिली की 'टक्'. गॅरेजवाला खाली वाकतो, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब फिरता दांडा) हाताने इकडे तिकडे फिरवतो, तो थोडा हलतो आणि लगेच निकाल, "क्रॉस गेलाय." क्रॉस (शाफ्टच्या टोकाला असलेला अधिकच्या चिन्हासारखा जोड) बदलतात, आठ दिवसांनी आवाज तसाच.

हे इतक्या जणांच्या बाबतीत होतं की मला ते बघवत नाही, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढतोय. शाफ्ट फिरवल्यावर हाताला लागणारा खेळ (ढिलेपणा) म्हणजे क्रॉसचा खेळ नव्हे, ही एक गोष्ट डोक्यात बसली तरी पुष्कळ झालं. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत सात-आठ जोड आहेत, प्रत्येकात थोडा थोडा खेळ असतो आणि शाफ्ट हलवला की त्या सगळ्यांची बेरीज हाताला लागते. कोणते दोन पार्ट एकमेकांत हलतायत हे डोळ्याने दिसल्याशिवाय कुठलाच पार्ट आणायचा नाही.

हे सगळं मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि मागे सलग हाउसिंग (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारं एकच लोखंडी कवच) असलेल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे जुन्या बोलेरो, सुमो, जिप्सी, ओम्नी, अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनी वगैरे. अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट पुढच्या चाकांवर चालतात, त्यांना प्रोपेलर शाफ्टच नसतो, तेव्हा वळताना पुढून येणारा कटकट आवाज हा विषय वेगळा.

१. तयारी

लागणारं सामान: दोन मजबूत घोड्या (जॅक स्टँड), हायड्रॉलिक जॅक, चाकांना लावायला चार लाकडी गुटके, टॉर्च, खडू, मोठा स्क्रू ड्रायव्हर किंवा टॉमी, चिंध्या, वायर ब्रश, मोबाइल. आणि एक माणूस मदतीला, हे काम एकट्याने नीट होत नाही.

गाडी सपाट आणि कडक जागेवर लावा, मातीच्या अंगणात जॅक रुततो. मागची सीट, डिकी रिकामी करा, स्टेपनीच्या आजूबाजूला पडलेले पाने, जॅकचा रॉड, पाण्याचा कॅन सगळं बाहेर काढा. सुटा पडलेला जॅकचा रॉड अगदी क्रॉससारखाच 'टक्' करतो, हे मी दोन गाड्यांत बघितलंय.

खालचा भाग आधी धुऊ नका. हे उलटं वाटेल पण लाल पूड, ऑइलचा ओघळ, घासून चकाकलेला पत्रा हेच तर आपले पुरावे, ते पाण्याने गेले तर तपासायचं काय? आधी बघा, फोटो काढा, मग धुवा.

⚠ इंजिन बंद, चावी तुमच्या खिशात. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. आणि गाडी गिअरमध्ये चालू ठेवून मागची चाकं हवेत फिरवत खाली बघायचं, हे तर कधीच नाही, एक चाक जरी टेकलं तरी गाडी घोडीवरून उडी मारते.

२. चालवून बघा, आणि आवाज लिहून ठेवा

सरळ गाडीखाली शिरू नका. आवाज कधी येतो यावरून अर्धं काम होतं.

माणूस चालतो त्या स्पीडला कोणालातरी गाडी चालवायला सांगा आणि तुम्ही मागच्या चाकाच्या बाजूने, हातभर अंतर ठेवून चाला. चिमणीसारखा 'चूं-चूं-चूं' येतोय का? येत असेल तर मोजा. टायरवर खडूने एक रेघ मारा, रेघ एक फेरी मारते तेवढ्यात आवाज एकदाच आला तर तो चाकाचा, ड्रमचा किंवा ब्रेक शूचा. एका फेरीत चार किंवा त्याहून जास्त वेळा आला तर तो प्रोपेलरचा, कारण क्राऊन-पिनियनच्या (शाफ्टचं फिरणं चाकांकडे वळवणारे हाउसिंगमधले दोन गिअर) रेशोमुळे चाक एकदा फिरतं तेवढ्यात शाफ्ट साधारण चार-पाच वेळा फिरतो. कोरड्या पडलेल्या क्रॉसचा हा आवाज हळू चालताना स्पष्ट येतो आणि स्पीड वाढला की इंजिनच्या आवाजात बुडून जातो, मग मालकाला वाटतं बरी झाली गाडी.

आता रिकाम्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेस द्या-सोडा करा. प्रत्येक वेळी एकच 'टक्' आला तर कुठेतरी खेळ वाढलाय. कुठे ते मात्र अजून कळलेलं नाही, घाई करू नका.

मग थरथर. ६०-७० च्या वर सीटखाली थरथर येत असेल तर सपाट मोकळ्या रस्त्यावर त्याच स्पीडला न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर ती इंजिनची नाही, चाकं किंवा शाफ्ट. स्टिअरिंगमध्ये जास्त जाणवली तर पुढची चाकं आधी बघा, सीटखाली आणि लादीत जाणवली तर शाफ्ट किंवा मागची चाकं.

⚠ हे घाटात करायचं नाही, आणि न्यूट्रल म्हणजे नुसतं न्यूट्रल, चावी बंद करायची नाही. चावी बंद केली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकचा व्हॅक्यूम संपला की पेडल दगडासारखं होतं.

शेवटी 'घूंऽऽ'. रेस दिली की वाढतो, सोडली की कमी होतो किंवा उलटं, तर संशय क्राऊन-पिनियन आणि पिनियन बेअरिंगवर. रेसने काहीच फरक पडत नाही पण लांब वळणावर आवाज बदलतो, तर अ‍ॅक्सल बेअरिंग. उजव्या वळणावर वजन डावीकडे जातं, म्हणून उजवीकडे वळताना आवाज वाढला तर आधी डावं चाक तपासा.

३. चाकं जमिनीवर असतानाच खाली बघा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. गाडी चेसिसला जॅक लावून उचलतात, मागचं हाउसिंग खाली लोंबतं, शाफ्टचा कोन बदलतो, पुढचा स्प्लाइन (एकमेकांत सरकणारा खाचांचा जोड) बाहेर ओढला जातो, आणि मग तपासतात. रस्त्यावर शाफ्ट त्या कोनात चालतच नाही! लोंबत्या हाउसिंगमध्ये खराब क्रॉस चांगला वाटू शकतो आणि चांगला क्रॉस अडकल्यासारखा वाटतो. वजन हाउसिंगवर असलं पाहिजे. बोलेरो, सुमो उंच आहेत, चाकं जमिनीवर ठेवून बाजूने हात पोचतो. ओम्नीसारखी बुटकी गाडी असेल तर रॅम्प किंवा पिट वापरा, नाहीतर हाउसिंगच्या दोन्ही टोकांना, चाकांच्या जवळ घोड्या लावा.

पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून गुटके लावा, आता हँडब्रेक सोडा आणि न्यूट्रल करा.

आता क्रॉसला हात न लावता आधी बाकीचे संशयित निकालात काढा:

पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेल्या गाडीत यू-बोल्ट, म्हणजे हाउसिंग पाट्याला आवळणारे बोल्ट. नट ढिला आहे का, पाट्याच्या आणि हाउसिंगच्या मधल्या पॅडजवळ घासून चकाकलेली रेघ किंवा गंजाचा ओघळ आहे का. पाट्याच्या मधला सेंटर बोल्ट तुटला असेल तर रेस दिल्यावर हाउसिंग पाट्यावर चक्क पुढे-मागे सरकतं आणि आवाज हुबेहूब क्रॉसचा. शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या कडीचे) बुश, शॉकअपचे खालचे बुश. गिअरबॉक्सचं माउंटिंग, म्हणजे रबर लोखंडापासून सुटलंय का ते टॉमीने हलकं उचलून बघा. सायलेन्सरचा पाइप कुठे आपटतोय का.

आमच्याच गाडीचं सांगतो. २००९ची गाडी, वर्षभरात दोनदा क्रॉस बदलले, दोन वेगळ्या ठिकाणी, आवाज हलला नाही. शेवटी मी मोबाइल स्लो-मोशनवर ठेवून गाडीच्या बाजूला जमिनीवर टेकवला, भावाला सांगितलं हँडब्रेक ओढून पहिला गिअर अर्धा क्लच, मग रिव्हर्स अर्धा क्लच, असं तीन-चार वेळा कर. व्हिडिओत शाफ्ट शांत होता, डाव्या पाट्यावर हाउसिंग बोटभर मागे जाऊन पुढे येत होतं. सेंटर बोल्ट तुटलेला. काढलेले चारही क्रॉस मी नंतर नीट बघितले, त्यातले तीन तर चांगले होते.

तुम्हीही हा व्हिडिओ काढाच. फक्त मोबाइल चाकाच्या रेषेत ठेवू नका आणि त्या वेळी गाडीखाली, पुढे किंवा मागे कोणी नको.

✔ तपासा: वरचं सगळं घट्ट असेल तरच पुढे जा. काही ढिलं सापडलं तर आधी ते करा, परत चालवून बघा.

४. क्रॉस कसा तपासायचा

इंजिन बंद, न्यूट्रल, गुटके लावलेले. एका हाताने पिनियनचा फ्लँज (हाउसिंगच्या तोंडाशी शाफ्ट जिला बोल्टने जोडतो ती चकती) धरा, दुसऱ्या हाताने शाफ्टचा कान, म्हणजे क्रॉस ज्यात बसतो तो योक. आता दोन हात उलट्या दिशेने पिळा. दोन्ही योकमध्ये फरक पडतोय का? मग शाफ्ट वर-खाली ढकला. कप (क्रॉसच्या दांड्यांच्या टोकांवरच्या टोप्या) योकमध्ये हलतोय का किंवा क्रॉसचा दांडा कपात हलतोय का? किंचितही हालचाल दिसली तर क्रॉस गेला, इथे 'थोडा चालेल' असं काही नसतं. योक आणि क्रॉसच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून हलकं उचललं तर ते जास्त स्पष्ट दिसतं, पण सीलवर टोक मारू नका, चांगला क्रॉस तिथेच पाणी घ्यायला लागेल.

शाफ्ट आणि फ्लँज दोन्ही एकदम बरोबर फिरत असतील तर तो खेळ क्रॉसचा नाही, तो मागे हाउसिंगच्या आत आहे. हाच तो फरक, ज्याच्यासाठी एवढं लिहितोय.

आता कपाच्या कडेला बोट फिरवा. बोटाला तिखटासारखी बारीक लाल-विटकरी पूड लागली तर आतलं ग्रीस संपून सुया (कपातले बारीक रोलर) गंजल्यात. खेळ अजून लागत नसला तरी हा क्रॉस बदलायचा, नंतर ग्रीस मारून तो सुधारत नाही, आवाज फक्त महिनाभर दबतो. कोकणात पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाड्या आणि वडापला वजन भरून चालणाऱ्या गाड्या, दोन्हींत ही पूड मी नेहमी बघतो.

हेच सगळं पुढच्या क्रॉसवर करा. मागचा बदलून पुढचा बघतच नाहीत बरेच जण. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधला क्रॉस आणि सेंटर बेअरिंगसुद्धा, त्याचं रबर फाटलं की सुटतानाच दणका बसतो आणि खालून लादीवर ठोकल्यासारखं वाटतं.

स्प्लाइनसाठी शाफ्टचा सरकणारा भाग वर-खाली हलवा. गोल फिरताना केसभर खेळ जुन्या गाडीत असतो, पण वर-खाली डुगडुगत असेल तर क्रॉस नवीन टाकूनसुद्धा थरथर जाणार नाही.

शाफ्टचा पाइपही बघून घ्या. चेपलाय का, त्यावर वेल्ड केलेला बॅलन्सचा छोटा पत्रा उडालाय का (तिथे चौकोनी खूण राहते), चिखल वाळून चिकटलाय का. आणि अंडरकोटिंग करताना शाफ्टवर काळा डांबरी थर मारलेला असेल तर थरथरीचं कारण तोच असू शकतो, तो खरवडून काढा.

५. खेळ मागे असेल तर तो नेमका कुठला

चाकं जमिनीवर, न्यूट्रल. फ्लँजवर आणि शेजारी हाउसिंगवर खडूने समोरासमोर रेघ मारा, फ्लँज एका बाजूला पूर्ण फिरवा, मग दुसऱ्या बाजूला. जुन्या गाडीत फ्लँजच्या कडेला ३-४ मिमी खेळ मी नेहमी बघतो आणि तशा गाड्या वर्षानुवर्षं चालतात. तेवढ्यासाठी हाउसिंग खोलू नका. बोटभर असेल तर मात्र क्राऊन-पिनियन, स्टार गिअर (हाउसिंगमधले डिफरन्शियलचे छोटे गिअर) नाहीतर हाफ शाफ्टचे (हाउसिंगमधून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचे) स्प्लाइन यातलं काहीतरी झिजलंय.

आता फ्लँज वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. इथे खेळ शून्य पाहिजे. जरा जरी हलला तर पिनियन बेअरिंग, आणि बऱ्याचदा सोबत पिनियन सीलमधून ऑइलही येत असतं.

⚠ पिनियनचा नट 'थोडा आवळून बघू' हे कोणालाही करू देऊ नका. त्या नटवर बेअरिंगचा प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक दाब) ठरलेला असतो, पुष्कळ गाड्यांत आत चेपणारा स्पेसर असतो, एकदा जास्त आवळला की तो परत फुलत नाही आणि बेअरिंग तापून जातं. खेळ आवळून बंद झालेला दिसतो, दोन महिन्यांनी पूर्ण क्राऊन-पिनियन जातो.

हाउसिंगचं ऑइल बघा. प्लग चुंबकाचा असेल तर त्याच्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असतोच, घाबरू नका. चकाकत्या पापुद्र्या किंवा बोटाला टोचणारे कण निघाले तर हाउसिंग खोलावंच लागेल. पिनियनला आणि चाकांना, दोन्हीकडून ऑइल येत असेल तर सील आणण्याआधी हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) साफ करा. तो चिखलाने बुजला की गरम झालेली हवा आत कोंडते आणि ऑइल सीलमधून ढकलते.

६. एकेक मागचं चाक उचलून

पुढची चाकं गुटक्यांनी पक्की, मागच्या जमिनीवरच्या चाकालाही गुटके, हाउसिंगखाली घोडी. पहिला गिअर टाका. उचललेलं चाक हाताने पुढे-मागे फिरवा आणि मदतनीसाला फ्लँजकडे बघायला सांगा. चाक हलतंय पण फ्लँज जागेवर असेल तर तो खेळ हाउसिंगच्या आतला. फ्लँजही हलतोय आणि पुढे शाफ्ट हलत नाही, तर मागचा क्रॉस, म्हणजे टप्पा ४ मध्ये काहीतरी सुटलंय, परत जा.

आता न्यूट्रल. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा, मग आत-बाहेर ओढा. दुसरं चाक टेकलेलं आहे, त्यामुळे हे फिरवलं की शाफ्टही फिरतो, तिथे कोणाचे हात नकोत. चाक हळू फिरवताना दुसऱ्या हाताची बोटं पाट्यावर किंवा स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर कानाला ऐकू येण्याआधी बोटांना खरखर जाणवते.

⚠ अ‍ॅक्सल बेअरिंगचा खेळ टाळाटाळ करण्यासारखा नाही. यातल्या पुष्कळ गाड्यांत चाक हाफ शाफ्टलाच बसलेलं असतं, बेअरिंग किंवा त्याचा कॉलर सुटला तर चाक शाफ्टसकट बाहेर येतं. ड्रमच्या आतून ऑइल ओघळत असेल तर ब्रेकही गेलेला समजा. तशी गाडी घाटात नेऊ नका.

७. अजून शंका असेल तर शाफ्ट उतरवा

उतरवण्याआधी फ्लँजवर आणि शाफ्टवर, आणि सरकणाऱ्या स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर एकाच रेषेत पंचने खूण करा. खडू हाताने पुसला जातो. शाफ्टच्या दोन टोकांचे कान एका रेषेत असले पाहिजेत. स्प्लाइन एक-दोन दाते चुकून बसला तर नवीन क्रॉस टाकलेली गाडीसुद्धा आधीपेक्षा जास्त थरथरते, आणि मग लोक क्रॉसच्या कंपनीला शिव्या देतात. ज्या गाडीत स्प्लाइन गिअरबॉक्समध्ये सरकतो तिथे शाफ्ट ओढला की गिअरबॉक्सचं ऑइल बाहेर येतं, खाली भांडं ठेवा.

शाफ्ट टेबलवर ठेवून क्रॉस दोन्ही दिशांना हळू वाकवा. लोण्यासारखा सगळीकडे सारखा फिरला पाहिजे. मधोमध, म्हणजे रस्त्यावर तो ज्या कोनात असतो तिथे, 'खट' करून खाचेत बसल्यासारखा वाटला तर तो गेलाय. असा क्रॉस खोलून दांडा पुसून उन्हात धरा, सुयांच्या बारीक समांतर रेघा दिसतील, त्यात नख अडकतं. गाडीवर असताना हातात याचा खेळ लागत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षं सुटतो.

८. बसवताना

क्रॉस आणताना जुना सोबत न्या, कपाचा व्यास आणि एका कपाच्या बाहेरच्या तोंडापासून समोरच्या कपाच्या तोंडापर्यंतची लांबी मोजून जुळवा. एकाच मॉडेलमध्ये दोन मापं निघतात.

कप शिकंजात, सॉकेट लावून दाबा, हातोड्याने योकच्या कानावर मारू नका, कान वाकला की कप तिरका बसतो. दाबण्याआधी प्रत्येक कपातल्या सुया उभ्या आहेत का बघा, एक आडवी पडली की कप पूर्ण आत जाणार नाही आणि सर्क्लिप (कप जागेवर धरणारी क्लिप) बसणार नाही. सर्क्लिप बसत नसेल तर ठोकू नका, कप काढा, पडलेली सुई शोधा. बसवून झाल्यावर क्रॉस घट्ट वाटला तर योकवर तांब्याच्या हातोडीने हलकी टिचकी, तो मोकळा होतो.

ग्रीस निपल असेल तर चारही कपांच्या सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत मारा. तिघांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर तो कप कोरडा आहे, शाफ्ट थोडा वाकवून परत मारा. निपल ग्रीस गन पोचेल अशा बाजूला येईल असा क्रॉस बसवा, आणि स्प्लाइनचा निपल विसरू नका. मी दर ५,००० किमीला आणि पावसाळा संपल्यावर एकदा मारतो.

फ्लँजचे बोल्ट नवीन टाका, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, खुणा जुळवून. गुटके काढण्याआधी टप्पा ४ मधली पिळून बघायची तपासणी एकदा परत करा, मग टप्पा २ मधला चालण्याच्या स्पीडचा फेरा मारा. साधारण २०० किमी झाल्यावर फ्लँजचे बोल्ट आणि पाट्यांचे यू-बोल्ट, दोन्ही पाना लावून परत तपासा.